काठावरचे दाते

हैदराबादकडच्या आमच्या विणकरांच्या गावात, मार्कंडेयाच्या देवळामागच्या गल्लीत भिक्षपती आणि आंडाळूचं भांडण सुरू झालं की कुणी खिडकी उघडून बघत नसे. बघायचं काय त्यात? शब्दसुद्धा ठरलेले. भिक्षपती मागाच्या खड्ड्यातून ओरडायचा, "गाठ सुटली गं तुझी!" आणि आंडाळू आतून ओरडायची, "माझी गाठ नाही सुटली, तुझा हात सुटलाय, बावा!" आंडाळू ही भिक्षपतीच्या सख्ख्या मामाची मुलगी. लग्नाआधी तो तिचा बावा, म्हणजे आतेभाऊ, होता, लग्नानंतरही बावाच राहिला. समोर बुच्चम्मा राहते. तिचं वय तिलाही ठाऊक नाही आणि तिची जीभ अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. ती ओट्यावर चिंच फोडत बसलेली असायची. म्हणायची, "झाली सुरू यांची आरती."

हसायला ठीक होतं, पण भांडण हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. चिटकीचं काम, ज्याला बाहेर इकत म्हणतात, असंच आहे. नक्षी कापडावर येत नाही, आधी सुतावर येते. सुताच्या लडीला जागोजागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून बांधायच्या आणि मग लड रंगात बुडवायची. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, ती पांढरी राहते. हे बांधणं घरातल्या बाईचं. मग पुरुष मागावर बसतो, आणि उभ्या-आडव्या धाग्यांच्या पांढऱ्या जागा समोरासमोर आणतो. प्रत्येक धोट्याला थांबायचं, सुईच्या टोकानं धागा केसभर इकडे नाहीतर तिकडे सारायचा. जुळलं तर चौकोनाचा काठ सरळ येतो, नाही जुळलं तर काठाला दाते पडतात. आणि दाते पडले की विचारतात, बाईची गाठ ढिली होती की पुरुषाचा हात चुकला? कापड बघून हे कुणालाच सांगता येत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं, आणि भिक्षपतीचा आवाज मोठा होता.

भिक्षपतीच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मल्यावर त्याच्या आईनं पदर पसरून शेजारच्या घरांतून मूठमूठ तांदूळ मागून आणले आणि पोराचं नाव भिक्षपती ठेवलं. मागून आणलेल्या पोराकडे यम ढुंकून बघत नाही, असं आमच्याकडे मानतात. पोर जगलं, पण किरकिरं निघालं. बाप मागावर असला की इतर पोरं खाली सुताच्या सावलीत खेळायची. याला ते सोसायचं नाही. ताण्यातून ऊन झिरपायचं, बाप पायाखालची पावडी दाबेल तसं लुकलुकायचं, आणि हा डोळ्यांवर हात घेऊन बाहेर पळायचा. "विणकराचं पोर आणि सुताला भितं!" बाप म्हणायचा आणि मानगूट धरून परत आणून बसवायचा. आईही अधूनमधून डोक्याला फडकं करकचून बांधून धान्याच्या खोलीत अंधारात पडून राहायची. तिला कुणी काही विचारत नसे. बायकांचं असतं काहीतरी, असं म्हणून विषय संपायचा.

मोठेपणी तो चांगला विणकर झाला. हे मात्र शत्रूलाही कबूल करावं लागेल. पण माणूस विचित्रच. आपल्याला कशाचीही सवय होते. नवी ट्यूबलाइट चार दिवस डोळ्यांत खुपते, पाचव्या दिवशी ती आहे हेही ध्यानात राहत नाही. भिक्षपतीला कशाचीच सवय होत नसे. घरातली ट्यूबलाइट त्यानं काढून टाकली, ती लपलपते म्हणून. आम्हांला कुणालाही ती लपलपताना दिसली नाही. बारीक पट्ट्यांचा शर्ट घालून कुणी समोर जेवायला बसलं तर हा ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसायचा. स्रवंतीला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीला, बघायला चौटुप्पलहून पाहुणे आले, तेव्हा नवरा मुलगा नेमका काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आला. मुलगा सोन्यासारखा, हैदराबादला औषधाच्या दुकानात कामाला. पण सासरा अख्खा वेळ छपराकडे बघून बोलत होता. पाहुण्यांनी जाताना विचारलं, "आमचा मुलगा पसंत नाही का तुम्हांला?" स्रवंतीनं दारापर्यंत जाऊन समजूत काढली तेव्हा ती सोयरीक टिकली.

आता त्याच्या डोक्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं.

महिन्यातून कधी एकदा, कधी तीनदा, विणताना चौकोनाच्या काठाशी एक ठिपका चमकायचा. सूर्याकडे बघून नजर वळवली की राहतो तसा. मग त्या ठिपक्याला दाते फुटायचे. करवतीचे असतात तसे, काळे-पांढरे, थरथरणारे. ते हळूहळू काठाकाठानं पसरत जायचे. भिक्षपतीला ते सुतातच दिसायचे. दिसणारच! जन्मभर त्यानं दाते पाहिले ते सुतातच. शेतकऱ्याला दिसले असते तर तो म्हणाला असता डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि झाडाखाली जाऊन पडला असता. हा विणकर, यानं सुई उचलली. दाते दिसतील तिथला धागा ओढायचा, पुढचा ओढायचा, तो सरळ होतो न होतो तोच पुढच्या धाग्यावर दाते. घामाघूम होईपर्यंत हे चालायचं. मग दाते विरून जायचे. 'केलं बाबा एकदाचं सरळ,' असं म्हणून तो पाठ टेकतो न टेकतो तोच कपाळाच्या एका बाजूला ठोके सुरू व्हायचे. मग उलट्या, मग दार लावून अंधारात. कुणी भांडं आपटलं तरी आतून शिवी यायची.

त्याचा हिशेब अगदी सरळ होता. बायकोची गाठ ढिली, म्हणून काठाला दाते. दाते काढायचे म्हणून डोळ्यांना ताण, ताणानं डोकं. म्हणजे डोकं दुखतं ते बायकोमुळे! आणि पुरावा पाहिजे असेल तर तोही तयार. दुसऱ्या दिवशी मागावर येऊन बघितलं की त्या जागी काठ खरोखरच वाकडा दिसायचा. तो वाकडा कुणी केला हे विचारायचं त्याच्या मनात कधी आलं नाही.

आंडाळूनं हे अनेकदा थांबवायचा प्रयत्न केला. तो ओरडला की ती ओले हात लुगड्याला पुसत यायची, मागावर वाकायची, नाक सुताला लागेपर्यंत बघायची आणि म्हणायची, "सरळ आहे, बावा."

"आंधळी आहेस का?"

"सरळ आहे म्हणते ना! हात नको लावूस. ऊठ तू."

"मला शिकवतेस? माझ्या समोर नाचतायत ते दाते आणि म्हणे सरळ आहे! स्वतःची चूक झाकायला किती खोटं बोलशील?"

मग ती आत जायची. खोटारडी म्हटलेलं तिला फार लागायचं. बुच्चम्माला ती पिन्नी, म्हणजे मावशी, म्हणायची; तिच्या ओट्यावर येऊन ती बोटं पुढे करायची. रबर ओढून ओढून पेरांवर कायमच्या खाचा पडलेल्या. "ही बोटं बघ गं पिन्नी. या बोटांची गाठ सुटेल?" बुच्चम्मा म्हणायची, "तुझी गाठ नाही सुटायची, त्याचाच स्क्रू सुटलाय कुठेतरी." त्या बोलण्यात खरं किती होतं, हे बुच्चम्मालाही माहीत नव्हतं.

मग तो दिवस आला. त्या दिवशी गल्लीत भिक्षपतीचा ताणा लावलेला होता. ताणा लावायचा म्हणजे सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्त्यात ताणायचं, त्यामुळे सगळी गल्ली हजर असते. सूत देणारा मास्टर तेव्हाच आला आणि आधीची साडी परत घेऊन आला. पदराजवळ तीन ठिकाणी काठ वाकडा. "भिक्षपती, असलं काम तुझ्याकडून? मला वाटलं दुसऱ्या कुणाचीच साडी आली चुकून," तो म्हणाला. चारचौघांत म्हणाला, हे वाईट झालं. भिक्षपतीच्या तोंडाचं पाणी पळालं. आणि स्वतःची अब्रू वाचवायला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. मोठ्यानं म्हणाला, "मास्टर, विणण्यात खोट नाही. बांधण्यात आहे. आजपासून माझ्या घरचं सूत सुगुणम्मा बांधेल."

सुगुणम्मा म्हणजे गल्लीच्या टोकाची विधवा बाई, बिचारी चार घरांचं सूत बांधून पोट भरते. तिला काय करावं कळेना. पण भिक्षपती तिरीमिरीत घरात शिरला आणि आंडाळूची बांधायची लाकडी चौकट उचलून सगळ्यांदेखत तिच्या दारात नेऊन ठेवली. ती चौकट आंडाळूनं माहेरून आणली होती. आम्हां पद्मशाली विणकरांत बाईच्या हातून चौकट काढून घेणं म्हणजे तिला घरात पाहुणी करून ठेवणं. आंडाळू ओट्यावर बसून रडली. आत जाऊन नाही, तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून. आम्ही सगळे ताण्याची टोकं धरून खाली बघत उभे. हातातलं सूत सोडताही येईना.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते 'जेवायला वाढलंय' एवढंच. आंडाळू दुसऱ्यांच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायला लागली. भिक्षपती सुगुणम्माचं सूत विणायला लागला. आणि दाते? ते आलेच की! पहिल्याच साडीत आले. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण भिक्षपती म्हणाला, "हल्लीच्या बायकांच्या बोटांत जीवच राहिला नाही."

बुच्चम्मानं समोरून ऐकलं. "मग आता तूच बांध आणि तूच विण," ती म्हणाली. "निदान शिव्या तरी घरच्या घरी राहतील."

स्रवंतीच्या लग्नाची तारीख निघाली त्या दिवशी आंडाळूनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "पाठवणी झाली की मी सोलापूरला वेंकटेशमकडे जाणार. कायमची. वहिनीशी बोलणं झालंय. तिथे विड्या वळेन, पण हातचं काम खोटं म्हणणाऱ्याच्या घरी राहणार नाही." वेंकटेशम तिचा धाकटा भाऊ.

"जा की," भिक्षपती म्हणाला. "अडवलंय कुणी?"

तो असं म्हणाला खरा, पण भाकरी ताटात तशीच टाकून उठला. ही बाई त्याच्या मामाच्या अंगणात परकर सावरत लंगडी घालायची तेव्हापासून त्याला हवी होती. घरात ती नसेल हे चित्र त्याला डोळ्यांसमोर आणता येईना. पण 'जाऊ नकोस' म्हणायचं तर 'तुझ्या गाठी बऱ्या होत्या' असं म्हणायला हवं. आणि त्या बऱ्या होत्या असं त्याला खरंच वाटत नव्हतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना! आंडाळूनं पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली आणि भिंतीशी ठेवली.

आमच्याकडे मुलगी आणि जावई मुहूर्ताला मधुपर्कं नेसतात. साधं पांढरं सुती कापड, काठाला तांबडी पट्टी, नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. बाकीचे लोक ती दुकानातून आणतात. पण विणकराच्या मुलीची मधुपर्कं बापानं स्वतः विणायची. भिक्षपतीनं चिटकीचं काम बाजूला ठेवून मागावर कोरं पांढरं सूत चढवलं. आठवडाभर तो त्यावर बसला होता. लग्नघर, धड झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही. खिडकीतून ऊन थेट त्या पांढऱ्या सुतावर येत होतं. आंडाळू ओसरीत स्रवंतीबरोबर लाडू वळत होती, पण त्याच्याकडे पाठ करून.

तेव्हा तांबड्या काठाशी ठिपका चमकला.

भिक्षपतीचा हात आपोआप सुईकडे गेला. दाते फुटले, थरथरले, काठावरून सरकायला लागले. त्यानं एक धागा ओढला. दुसरा ओढला. तिसरा ओढला आणि तोंड उघडलं, "गाठ सु..."

तिथेच थांबला. कुठली गाठ? या सुताला कुणी रबराचा तुकडादेखील लावला नव्हता. आंडाळूनं नाही, सुगुणम्मानं नाही, कुणीच नाही. बाजारातून आणलेलं कोरं पांढरं सूत. मग हे दाते आले कुठून?

त्यानं सुई खाली ठेवली. डोळे चोळले आणि मिटले. दाते होतेच, मिटल्या डोळ्यांच्या काळोखात मजेत सरकत होते. एक डोळा हातानं झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. दोन्हींकडून तेच. मान वळवून शेणानं सारवलेल्या भिंतीकडे बघितलं, तर ते भिंतीवर. देवाच्या तसबिरीकडे बघितलं, तर मार्कंडेयाच्या तोंडावर. बिचारा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून राहिला. दाते विरले. मग ठोके सुरू झाले, उलटी झाली, आणि तो भिंतीला धरून अंधाऱ्या खोलीत जाऊन पडला. डोकं फुटत होतं, पण त्या दिवशी त्याला डोक्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं जास्त छळलं. 'सरळ आहे, बावा' हे शब्द किती वेळा कानांवर पडले होते ते तो एकेक आठवत पडला होता.

सकाळी उठून तो मागापाशी गेला. दाते कुठेच नव्हते. काठ सरळ होता, फक्त एका जागी, जिथे त्यानं तीन धागे ओढले होते, तिथे तांबडी रेघ वाकडी झाली होती. मास्टरनं परत आणलेल्या साडीवर होती, तशीच हुबेहूब.

दोन दिवसांनी होणाऱ्या जावयाच्या ओळखीनं तो हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेला. बरोबर स्रवंती. आंडाळूला सांगितलं, चष्म्यासाठी जातो. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या वरंगलकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा एक कागद समोर धरला. भिक्षपतीनं झटकन तोंड फिरवलं.

"त्रास होतो ना?"

"होतो म्हणजे काय अम्मा, हलतंय ते! रंगसुद्धा दिसतायत मधे. लांब न्या."

बाईंनी कागद पालथा घातला. "याला मायग्रेन म्हणतात, भिक्षपतीगारू. अर्धशिशी म्हणा. डोळ्यांत काही नाही. डोळा नुसता आत पाठवतो, चित्र जुळतं ते इथे," आणि त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला हात ठेवला. "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की माझ्या डोक्यातली ही जागा म्हणते, ओळखीचंच आहे, आणि गप्प बसते. तुमची गप्प बसत नाही. दर वेळी नवा पाहुणा आल्यासारखी उठून दार उघडते. आणि रेघांचा तिला जास्तच जाच होतो. एका रेघेला उठली, दुसरीला उठली, तिसरीला उठली. तुम्ही करता काय दिवसभर?"

"रेघा विणतो," भिक्षपती म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "कधी कधी त्या जागी एक लाट उठते. मुंगीच्या पावलानं सरकते. ती जिथे पोचते तिथलं दिसणं बिघडतं, झळाळी येते, दाते दिसतात. लाट पुढे गेली की दातेही पुढे जातात. साधारण अर्ध्या तासानं ते थांबतं आणि मग डोकं उठतं. सगळ्यांनाच दाते दिसतात असं नाही, पुष्कळांचं नुसतंच डोकं दुखतं. घराण्यात कुणाला होतं?"

त्याला धान्याच्या खोलीत फडकं बांधून पडलेली आई आठवली. तिला दाते दिसत होते का, हे आता कुणाला विचारणार? पण त्यानं ते सांगितलं नाही. त्याला एकच विचारायचं होतं.

"म्हणजे गाठ सरळ होती?"

"कसली गाठ? डोक्यात गाठबीठ काही नाही हो तुमच्या, घाबरू नका."

"तसं नाही अम्मा. दाते दिसत होते तेव्हा... सूत सरळ असायचं?"

"सूत कसं असायचं ते मी काय सांगणार? दाते सुतात नसायचे, एवढं नक्की."

स्रवंतीला सगळं कळलं. तिनं खाली मान घातली. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, वेळेवर जेवा-झोपा म्हणाल्या, दाते दिसायला लागले की काम थांबवा म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये भिक्षपती खिडकीकडे तोंड करून रडत होता. स्रवंतीनं त्याला रडू दिलं. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "नाना, अम्माला सांगाल ना?"

"सांगेन."

"घरात नका सांगू. चौकट चारचौघांदेखत नेली होती तुम्ही."

पोरगी आईवर गेलीय, आणखी काय!

लग्नाच्या आदल्या दिवशी मधुपर्कं सुपात ठेवून भावकीला दाखवतात. मांडवात सगळे होते, मास्टर होता, सुगुणम्मा होती, चौटुप्पलची माणसं होती. विणकरांसमोर कापड दाखवायचं म्हणजे काय, ते नुसतं हात लावून पुढे देत नाहीत. घडी उलगडली जाते, उजेडात धरलं जातं. बुच्चम्माच्या हातात आलं तेव्हा तिचं बोट काठावरून सरकत सरकत एका जागी थांबलं.

"हे काय रे? इथे तर काठ वाकडा आहे."

मुलीच्या मधुपर्कात खोट! भिक्षपतीला तेवढा भाग कापून नवा विणता आला असता, हाताशी वेळ होता. त्यानं विणला नव्हता. स्रवंतीनंच सांगितलं होतं, राहू द्या.

"आता बोल," बुच्चम्मा म्हणाली. तिला गंमत वाटली होती. "आता कुणाची गाठ सुटली म्हणशील? यात तर गाठच नाही!"

"गाठ नाही," भिक्षपती म्हणाला. "हात माझा आहे. मला दिसलं की काठ वाकडा झालाय, म्हणून मी सरळ करायला गेलो. आधी तो सरळच होता. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं, ते दाते माझ्या डोक्यात येतात, सुतात नसतात. मास्टर, ती तुमची साडीसुद्धा मीच वाकडी केली. सगळ्या साड्या मीच. सुगुणम्मा, तुलाही मी नाही नाही ते बोललो." मग तो आंडाळूकडे वळला. ती खांबाला टेकून उभी होती, हातात हळदीची वाटी. "तू सांगत होतीस. मी तुला खोटारडी म्हटलं. तुझ्या गाठी सरळ होत्या."

आंडाळूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "काय होत्या?"

"सरळ होत्या."

"मोठ्यानं सांग. तिकडे मागे ऐकू नाही गेलं."

"सरळ होत्या!" भिक्षपती ओरडला. त्याचा आवाज मोठा आहे हे मी आधीच सांगितलंय. देवळापर्यंत गेला असेल.

आंडाळूनं वाटी खाली ठेवली आणि पदरात तोंड घालून रडली. पण आम्हांला वाटलं तसं झालं नाही. स्रवंतीची पाठवणी झाली आणि चौथ्या दिवशी आंडाळू पेटी घेऊन सोलापूरच्या गाडीत बसली. "ऐकलं म्हणून विसरले असं नाही," एवढं म्हणाली. भिक्षपती तिला पोचवायला गेला. परत येताना सुगुणम्माच्या दारातून चौकट उचलून आणली, पुसली आणि जिथे असायची तिथे ठेवली. महिने गेले. त्यानं चिटकीचं सूत मागावर चढवलं नाही. लोकांची मधुपर्कं विणत बसला. मास्टर दोनदा येऊन गेला. भिक्षपती म्हणाला, "बांधणारी गावाला गेलीय."

दसऱ्याआधी बतुकम्माचा फुलांचा सण असतो, त्या दिवसांत ती आली. न कळवता. पेटी ओट्यावर ठेवली, आत जाऊन चौकट बघितली, तिचा एक खुंटा हलत होता तो ठोकून बसवला आणि बाहेर येऊन बुच्चम्माला म्हणाली, "सोलापूरचं पाणी जड आहे बाई."

दाते अजून येतात. गोळ्यांनी कमी झाले, गेले नाहीत. परवाच मी त्यांच्या ओसरीत बसलो होतो. भिक्षपती विणता विणता थांबला. त्याची नजर काठावर खिळली, सुई हातात होती, कपाळावर घाम आला. त्यानं सुई खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"आंडाळू," त्यानं हाक मारली. "जरा बघ गं इकडे."

ती ओले हात लुगड्याला पुसत आली. वाकली. नाक सुताला लागेपर्यंत बघितलं.

"सरळ आहे, बावा."

"बरं," तो म्हणाला आणि उठून अंधाऱ्या खोलीत जाऊन पडला.